छातीतली गाठ आणि दाबलेले यकृत: पहाटे वारंवार साखर उतरण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण महाराष्ट्रातील एका खेड्यात राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या शेतकरी स्त्रीचे आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, रुग्णालये आणि काही वैयक्तिक तपशील वगळले किंवा बदलले आहेत. रुग्णाला मधुमेह नव्हता, कधी कावीळ झालेली नव्हती आणि कोणतेही व्यसन नव्हते. वजन ५२ किलो होते आणि आजारपणाच्या काळातही ते फारसे घटले नव्हते. पतीला मात्र बऱ्याच वर्षांपासून मधुमेह असून ते ग्लिमेपिराइडची गोळी घेत असत, आणि घरातील सगळी औषधे एकाच डब्यात ठेवलेली असत. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

आमच्याकडे येण्यापूर्वी सुमारे चार महिने त्रास चालू होता. घरात रात्रीचे जेवण लवकर उरकत असे. पहाटे चार-पाचच्या सुमारास त्या अंथरुणावर उठून बसत, अंग घामाने चिंब झालेले असे, बोलणे असंबद्ध होई आणि कधीकधी घरातल्या माणसांनाही त्या ओळखत नसत. चहा घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सारे पूर्ववत होई आणि मधल्या वेळेचे त्यांना काहीच आठवत नसे. पुढे एका एकादशीला दिवसभर केवळ चहा आणि दूध घेऊन कडक उपवास केल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना झटका आला आणि त्या बेशुद्ध झाल्या.

जवळच्या रुग्णालयात मेंदूचे सीटी स्कॅन झाले, ते निर्दोष होते. साखरही तपासली गेली आणि ती १४० भरली, परंतु तो नमुना ग्लुकोजची सलाईन सुरू झाल्यानंतर घेतलेला होता. अपस्माराचे (फिटचे) निदान होऊन लेव्हेटिरासिटॅम हे फिट रोखणारे औषध सुरू झाले. त्याच वेळी काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला खाली मोठी पांढरी सावली होती. अहवालात "पाणी असण्याची शक्यता" असे लिहून तो फाइलला लावला गेला. गोळ्या चालू असतानाही पहाटेचा त्रास थांबला नाही. पुढे दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी झाली आणि तिच्यात "यकृताच्या वरच्या भागात मोठी गाठ" असल्याचे सांगण्यात आले. यकृताचा कर्करोग आहे, आता फारसे काही करण्यासारखे नाही, अशी कुटुंबाची समजूत झाली.

अडचण नेमकी कोणती होती

सून त्यांच्यासोबत आली होती आणि तिने पहिल्याच भेटीत विचारले, "डॉक्टर, गूळपाणी दिलं की आत्या शुद्धीवर येतात, मग ही फिट कशी?" या एका प्रश्नात निदानाचा अर्धा भाग होता. लक्षणे, त्या क्षणी रक्तातील साखर कमी असणे आणि साखर दिल्यावर लक्षणे जाणे या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच साखर खरोखर उतरते असे म्हणता येते. त्यांतील पहिली आणि तिसरी गोष्ट घरच्यांनी स्वतःहून टिपलेली होती. दुसरी मात्र तोवर कोणत्याही कागदावर नव्हती.

मधुमेह नसलेल्या माणसाची साखर रिकाम्या पोटी इतकी उतरणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. निरोगी माणूस दिवसभर उपाशी राहिला तरी त्याची साखर साधारण मर्यादेत टिकते, कारण दोन जेवणांच्या मधल्या काळात यकृत रक्तात साखर सोडत राहते. शरीराच्या दर किलो वजनामागे दर मिनिटाला सुमारे २ मिलिग्रॅम हा त्याचा वेग असतो. म्हणजे ५२ किलोच्या व्यक्तीचे यकृत दिवसाला साधारण १५० ग्रॅम साखर पुरवू शकते, आणि मेंदूला एकट्यालाच त्यातील सुमारे १२० ग्रॅम लागते. हा पुरवठा पहाटे का अडत होता, हाच या प्रकरणातील मूळ प्रश्न होता.

पहिला निर्णय: आधी नमुना, मग ग्लुकोज

दाखल झाल्यानंतर दुसऱ्याच पहाटे त्या पुन्हा गोंधळल्या. ग्लुकोमीटरवर ३४ आकडा आला. अशा वेळी हात आपोआप २५ टक्के ग्लुकोजच्या बाटलीकडे जातो आणि जायलाही हवा, कारण मेंदूला उपाशी ठेवून तपासण्या करता येत नाहीत. तथापि शिरेत सुई टाकल्यावर ग्लुकोज जोडण्यापूर्वी त्याच सुईतून रक्त काढून घ्यायला एक मिनिटही लागत नाही. पाळीवरील परिचारिकेला तशी सूचना आधीच दिलेली होती आणि राखाडी टोपणाची फ्लोराइडची नळी, साधी नळी आणि बर्फ बिछान्याजवळच्या ट्रेमध्ये तयार ठेवलेले होते. तिने आधी नळ्या भरल्या, मग १०० मिलिलिटर ग्लुकोज दिले. दहा मिनिटांत रुग्णाने सुनेचे नाव घेतले.

प्रयोगशाळेत साखर ३१ मिलिग्रॅम भरली. त्याच नमुन्यात इन्शुलिन जवळपास शून्य होते, इन्शुलिनबरोबरच स्वादुपिंडातून सुटणारे सी-पेप्टाइड ०.१ नॅनोग्रॅम होते, साखर वाढवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक चांगले वाढलेले होते, आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे कीटोन केवळ ०.२ मिलिमोल होते. पोटॅशियम ३.० होते. एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठण्याचा वेळ) या यकृताच्या तपासण्या सर्व निर्दोष होत्या. हिपॅटायटिस बी आणि सी नव्हते, आणि यकृताच्या कर्करोगात अनेकदा वाढणारे अल्फा-फिटोप्रोटीनही वाढलेले नव्हते.

आकड्यांनी काय सांगितले

इन्शुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही दाबलेले असल्याने दोन शंका एकदम बाद झाल्या. स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करणारी गाठ असती तर दोन्ही वाढलेले दिसले असते. पतीच्या गोळ्या चुकून पोटात गेल्या असत्या तरी तेच झाले असते, कारण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडूनच इन्शुलिन सोडवून घेते. घरच्यांनी गोळ्यांच्या पट्ट्या मोजल्या, त्याही बरोबर भरल्या. कॉर्टिसॉलची कमतरता नव्हती आणि मूत्रपिंडे ठीक होती.

यानंतर कीटोनचा आकडा विचार करायला लावणारा होता. इन्शुलिन खरोखर नसेल आणि माणूस रात्रभर उपाशी असेल, तर चरबी वितळून कीटोन वाढायला हवेत. साखर ३१ पर्यंत उतरलेली असताना कीटोन ०.२ वर असणे म्हणजे शरीरात इन्शुलिनचे काम चालू असणे, आणि तपासणीत तर इन्शुलिन सापडत नव्हते. पोटॅशियम उतरणे हेही इन्शुलिनच्याच परिणामाचे लक्षण होते. म्हणजे इन्शुलिनसारखे वागणारे दुसरे काहीतरी रक्तात फिरत होते. या टप्प्यावर जुना एक्स-रे फाइलमधून काढून पुन्हा पाहिला गेला, आणि रुग्णाच्या हाताकडे नीट लक्ष गेले. नखांची मुळे फुगून बोटांची टोके गोलसर झालेली होती. सून म्हणाली की जोडवी आणि अंगठ्या घट्ट होऊ लागल्या म्हणून त्यांनी वर्षभरापूर्वीच काढून ठेवल्या होत्या. असा बदल छातीतील दीर्घकालीन आजारात दिसतो.

गाठ यकृतातली की छातीतली

सोनोग्राफीच्या अहवालावर थांबलो असतो तर दिशा पूर्ण वेगळी झाली असती, म्हणून हा निर्णयबिंदू थोडा विस्ताराने मांडतो.

यकृताच्या कर्करोगातही साखर उतरते. हे निरीक्षण 1929 पासून वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे. हाँगकाँगच्या मॅकफॅड्झियन आणि युंग यांनी 1969 मध्ये त्याचे दोन प्रकार वर्णिले. एका प्रकारात झपाट्याने वाढणारी गाठ शेवटच्या काही आठवड्यांत रुग्णाला क्षीण करते आणि साखर त्या ओघात उतरते. दुसऱ्यात हळू वाढणाऱ्या गाठीमुळे ती बरीच आधीपासून आणि तीव्रपणे उतरते. यकृताची पेशी कर्करोगाची होते तेव्हा तिच्यातील एन्झाइमचा संचच पालटतो. निरोगी पेशीत ग्लुकोकायनेज असते. साखर भरपूर असतानाच ते जोमाने काम करते आणि कमी असताना शांत राहते. कर्करोगाच्या पेशीत ते नाहीसे होत जाते आणि त्याच्या जागी हेक्झोकायनेज-२ येते, जे साखर कमी असली तरी ती ओढून घेते. साखर बनवण्याच्या बाजूचे फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फटेज आणि साखर बाहेर सोडणारे ग्लुकोज-६-फॉस्फटेज हे दोन्ही घटतात. थोडक्यात, साखर पुरवणारी पेशी साखर खाणारी होते. (पेट स्कॅनमध्ये काही यकृत-कर्करोग उजळत नाहीत, यामागेही हेच आहे. ज्या गाठींमध्ये ग्लुकोज-६-फॉस्फटेज अजून शाबूत असते, त्यांच्यात शिरलेला किरणोत्सारी ग्लुकोज पुन्हा बाहेर पडून जातो.)

परंतु यकृताची राखीव क्षमता मोठी असते आणि उरलेले निरोगी यकृत सहसा गरज भागवते. केवळ गाठीने जागा व्यापल्यामुळे साखर उतरायची तर यकृताचा फार मोठा भाग नष्ट झालेला असावा लागतो, आणि तसे असते तर अल्ब्युमिन उतरले असते, रक्त गोठण्याचा वेळ वाढला असता आणि बहुधा कावीळही दिसली असती. येथे यांपैकी काहीच नव्हते. म्हणून छाती आणि पोटाचे सीटी स्कॅन एकत्र करण्याचा निर्णय घेतला.

त्यात १७ × १४ × ११ सेंटिमीटरची गाठ दिसली, आणि ती यकृतात नव्हती. उजव्या फुप्फुसाच्या आवरणातून निघून ती छातीच्या पोकळीचा खालचा भाग व्यापून बसली होती आणि श्वासपटलाला खाली रेटत होती. त्यामुळे सोनोग्राफीत ती यकृताच्या घुमटातच असल्यासारखी भासली होती. यकृत जागेवरून थोडे सरकले होते, पण आतून स्वच्छ होते. सुईने घेतलेल्या तुकड्यात चातीच्या आकाराच्या पेशी होत्या. गाठीचा प्रकार ओळखायला मदत करणाऱ्या सीडी-३४ आणि पेशीकेंद्रातील स्टॅट-६ या दोन्ही प्रथिन-खुणा होकारार्थी आल्या. निदान झाले सॉलिटरी फायब्रस ट्यूमर, म्हणजे एकटी वाढणारी तंतुमय गाठ. अशा गाठीबरोबर साखर उतरण्याचे वर्णन 1930 मध्ये डोगे आणि पॉटर या दोघांनी स्वतंत्रपणे केले आणि तो लक्षणसमूह आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या गाठीच्या मोजक्याच रुग्णांमध्ये साखर उतरते, आणि त्यांची गाठ बहुतेक वेळा अशीच मोठी असते.

निरोगी यकृत साखर का देत नव्हते

या गाठी आयजीएफ-२ नावाचे, इन्शुलिनशी साम्य असलेले संप्रेरक बनवतात आणि तेही अर्धवट घडलेल्या, मोठ्या रेणूच्या रूपात. नेहमीचे आयजीएफ-२ रक्तात दोन प्रथिनांबरोबर मोठ्या संयुगात बांधलेले असते आणि रक्तवाहिनीच्या बाहेर सहज पडत नाही. मोठ्या रेणूचे आयजीएफ-२ त्या संयुगात नीट बसत नाही. लहान संयुगात किंवा मोकळे राहून ते ऊतींपर्यंत पोहोचते आणि तेथे इन्शुलिनच्याच ग्राहीवर (पेशीवरील संदेश घेणाऱ्या प्रथिनावर) जाऊन बसते.

इन्शुलिनचा ग्राही जागा झाला की यकृताच्या पेशीत दोन वेगांनी बदल होतात. पहिला बदल मिनिटांत होतो. ग्लायकोजेन (यकृतातील साखरेचा साठा) फोडणारे फॉस्फोरिलेज निष्क्रिय केले जाते आणि ग्लायकोजेन बनवणारे सिंथेज सक्रिय केले जाते. दुसरा बदल तासांत होतो. एकेटी हे प्रथिन जनुके चालू ठेवणाऱ्या फॉक्सो-१ ला पेशीकेंद्राबाहेर काढते, आणि मग पेपसीके व ग्लुकोज-६-फॉस्फटेज या एन्झाइमची जनुके वाचली जाणे मंदावते. पेपसीके हे दुग्धाम्ल, अमिनो आम्ले यांसारख्या कच्च्या मालापासून नवी साखर घडवण्याच्या वाटेवरचे महत्त्वाचे ठाणे आहे. ग्लुकोज-६-फॉस्फटेज तर ग्लायकोजेन फोडून येणारी आणि नव्याने बनलेली अशा दोन्ही वाटांचा शेवटचा टप्पा आहे. या एन्झाइमवाचून साखर पेशीबाहेर पडूच शकत नाही. काही तासांच्या उपवासातच साखर उतरणाऱ्या एका आजारातील मुलांच्या यकृतात हे एन्झाइम जन्मतःच नसते, हे गर्टी आणि कार्ल कोरी यांनी 1952 मध्ये दाखवले होते. आमच्या रुग्णाला ते जन्मतः लाभलेले होते, निरोगी यकृतही होते, पण दूरच्या गाठीचा आदेश त्या एन्झाइमला अहोरात्र दाबून ठेवत होता. भरलेल्या कोठाराला बाहेरून कुलूप लावावे, तशी त्या यकृताची अवस्था होती.

येथे यकृताच्या नेहमीच्या तपासणीबद्दल थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण "लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आहे" हे वाक्य या प्रकरणात तीन ठिकाणी उच्चारले गेले आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ आवाक्यापेक्षा मोठा घेतला गेला. एसजीपीटी हे एन्झाइम पेशीच्या आत अ‍ॅलनिनपासून पायरुवेट बनवून साखरनिर्मितीलाच हातभार लावते, परंतु रक्तातील त्याचा आकडा पेशींना इजा होऊन ते बाहेर गळाले का, एवढेच सांगतो. पेशीच्या आत साखर बनवणारी यंत्रणा चालू आहे की थांबवलेली आहे, याचा त्या आकड्याशी संबंध नसतो. ती यंत्रणा अजमावायची तर साखर उतरलेली असताना कीटोन पाहावे लागतात आणि ग्लुकागॉनची (यकृताला साखर सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाची) चाचणी करावी लागते.

आम्ही ती चाचणी केली. साखर ४४ असताना १ मिलिग्रॅम ग्लुकागॉन दिले आणि अर्ध्या तासात ती ७८ वर गेली. २५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक वाढ याचा अर्थ असा की यकृतात ग्लायकोजेन साठलेले आहे आणि ते सोडण्याची क्षमता शाबूत आहे. इन्शुलिनसारख्या कशाच्या तरी प्रभावाने ती अडवलेली आहे, एवढेच. यकृत निकामी झाल्यामुळे किंवा नुसत्या उपासमारीने साखर उतरली असती तर एवढी वाढ झाली नसती. हे इंजेक्शन आपल्याकडे सर्वत्र सहज मिळत नाही आणि मिळवायला आम्हालाही धावपळ करावी लागली, पण या एका चाचणीने उपचाराची दिशा पक्की केली.

आयजीएफचे अहवाल बरेच उशिरा आले. त्याच कुळातील आयजीएफ-१ अवघे २८ होते आणि आयजीएफ-२ हे ६१० नॅनोग्रॅम. दुसरा आकडा एकटा पाहिला तर तो निरोगी माणसाच्या पातळीतच बसतो. दोहोंचे गुणोत्तर मात्र २० च्या वर गेले होते; निरोगी व्यक्तीत ते ३ च्या आसपास असते आणि १० च्या वर गेल्यास अशा गाठीचा संशय दृढ होतो.

विचारात घेतलेले पर्याय

गाठ पूर्ण काढणे हाच रोग मुळातून जाण्याचा मार्ग होता, याबद्दल दुमत नव्हते. मतभेद होता तो वेळेबद्दल. शल्यचिकित्सकांना लवकर शस्त्रक्रिया हवी होती. भूलतज्ज्ञांची हरकत अशी होती की एका फुप्फुसावर भूल द्यावी लागणार आहे, पोटॅशियम कमी आहे आणि साखर तासागणिक कोसळते आहे, अशा रुग्णाला टेबलावर घेणे धोक्याचे ठरेल. दोघांचेही म्हणणे योग्य होते.

तोवर साखर टिकवण्यासाठी काय वापरायचे, हा दुसरा प्रश्न होता. डायझॉक्साइड स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटणे थांबवते, पण येथे इन्शुलिन मुळात सुटतच नव्हते. ऑक्ट्रिओटाइडचा या प्रकारात सहसा उपयोग होत नाही आणि ते ग्लुकागॉन दाबत असल्याने उलट परिणामाचीही भीती असते. वाढीचे संप्रेरक देऊन साखर वाढवता येते, पण गाठ शरीरात असताना ते देणे आणि त्याचा खर्च कुटुंबावर टाकणे आम्हाला पटले नाही. स्टेरॉइडला मात्र दुहेरी आधार होता: ते यकृतातील साखरनिर्मितीच्या एन्झाइमना इन्शुलिनच्या विरुद्ध दिशेने ढकलते आणि गाठीतून होणारी मोठ्या आयजीएफ-२ ची निर्मितीही घटवते.

केलेली कृती

सुरुवातीला १० टक्के ग्लुकोज ताशी १२० मिलिलिटर या वेगाने द्यावे लागले. म्हणजे ताशी १२ ग्रॅम, दर किलोमागे मिनिटाला जवळजवळ ४ मिलिग्रॅम. निरोगी यकृत जेवढे पुरवते त्याच्या जवळपास दुप्पट साखर बाहेरून देऊन ती जेमतेम ७० वर राहत होती. यावरून उघड झाले की केवळ यकृताचा पुरवठा थांबलेला नव्हता, तर स्नायू आणि स्वतः गाठही साखर ओढून घेत होती. दिवसाला जवळपास तीन लिटर द्रव शरीरात जाऊन दोन दिवसांत सोडियम १२७ वर उतरले. तेव्हा मानेतील मोठ्या शिरेत नळी घालून २५ टक्के ग्लुकोज ताशी ४८ मिलिलिटर सुरू केले. साखर तेवढीच राहिली आणि पाणी निम्म्याहून कमी झाले. पोटॅशियम शिरेवाटे भरून काढले.

प्रेडनिसोलोन रोज ४० मिलिग्रॅम सुरू केले. चौथ्या दिवसापर्यंत ग्लुकोजची गरज निम्म्यावर आली, आणि दिवसा खाणे चालू असताना ते बंदही ठेवता येऊ लागले. रात्रीचा प्रश्न उरला होता. त्यासाठी जन्मजात ग्लुकोज-६-फॉस्फटेज नसलेल्या मुलांसाठी वापरला जाणारा उपाय घेतला: झोपताना आणि पुन्हा मध्यरात्रीनंतर कच्चा कॉर्नस्टार्च. तो पोटात सावकाश फुटून अनेक तास साखर पुरवतो. घरच्यांनी पहिल्या दिवशी मक्याचे पीठ आणले आणि त्याची छान लापशी शिजवून दिली. त्या पहाटे साखर पुन्हा ४९ झाली. दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळते तेच आणायचे, ते शिजवायचे नाही, गरम दुधात घालायचे नाही, थंड ताकात कालवून लगेच प्यायला द्यायचे, हे आहारतज्ज्ञांनी सुनेला समोर करून दाखवले. त्यानंतर पहाटेचे आकडे ७५ ते ९० च्या दरम्यान राहू लागले आणि शस्त्रक्रियेपर्यंत एकदाही त्यांची शुद्ध हरपली नाही.

दहाव्या दिवशी गाठीला रक्त पुरवणाऱ्या फासळ्यांमधील आणि श्वासपटलाच्या धमन्या कॅथेटरमधून बंद केल्या, ज्यायोगे शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी होईल. बाराव्या दिवशी छाती उघडून गाठ काढली. भुलेखाली असलेल्या रुग्णाला घाम, गोंधळ, थरथर यांपैकी काहीच दाखवता येत नाही, म्हणून धमनीतील रक्ताची साखर दर पंधरा मिनिटांनी पाहण्याचे ठरले होते. गाठीचा देठ बांधला गेला तेव्हा ती ११८ होती. तासाभरात, ग्लुकोजचा तोच वेग चालू असताना, ती १९६ झाली. त्या क्षणी ग्लुकोज बंद केले. तरीही सायंकाळी ती २६५ वर गेली आणि काही तास थोडे इन्शुलिन द्यावे लागले. ज्या रुग्णाला काही आठवड्यांपूर्वी साखरेवाचून झटका आला होता, तिला इन्शुलिन देताना अतिदक्षता विभागातील तरुण डॉक्टरांचा हात अडखळला आणि त्यांनी फोन करून खात्री करून घेतली. हे योग्यच होते.

परिणाम

गाठीचे वजन सुमारे १.४ किलो भरले. कडा मोकळ्या होत्या. स्टेरॉइड हळूहळू उतरवत बंद केले आणि त्यानंतर कॉर्टिसॉल तपासून देखरेखीखाली चोवीस तासांचा उपवास करून घेतला. अखेरीस साखर ८२ होती आणि कीटोन १.३. शस्त्रक्रियेपूर्वी ३१ साखरेलाही न वाढलेले कीटोन आता उपवासाला साजेसे वाढले होते; म्हणजे खोट्या इन्शुलिनचा आदेश मागे घेतला गेला होता आणि यकृतातील एन्झाइम पुन्हा शरीराच्या गरजेप्रमाणे वागू लागले होते. सहा आठवड्यांनी आयजीएफ-१ ११८ पर्यंत चढले आणि पोटॅशियम औषधाविना टिकून राहिले. अपस्माराची गोळी मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने बंद केली, त्यानंतर झटका आलेला नाही.

ही गाठ बऱ्याच वर्षांनीही उलटू शकते, म्हणून नियमित सीटी स्कॅन ठरवले आहेत. दोन तपासण्यांच्या मधल्या काळासाठी कुटुंबाला एक सोपे काम दिले आहे: पतीसाठी घरात असलेल्या ग्लुकोमीटरवर आठवड्यातून एकदा, पहाटे काही खाण्यापूर्वी, आकडा घेऊन वहीत लिहायचा. ७० च्या खाली गेला तर स्कॅनच्या तारखेची वाट न पाहता यायचे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी पहिल्या झटक्याच्या वेळी हुकली. ग्लुकोजच्या आधी बोटाला टोचून घेतलेल्या एका थेंबाने चार आठवड्यांची अपस्माराची औषधे आणि बराचसा प्रवास टळला असता. तालुक्याच्या ठिकाणी इन्शुलिन आणि सी-पेप्टाइडची सोय नसते हे खरे आहे, पण सलाईन लावण्यापूर्वी एक फ्लोराइडची आणि एक साधी नळी भरून शीतपेटीत ठेवणे आणि रुग्णाबरोबर पुढे पाठवणे कोठेही शक्य आहे. "साखर १४०" हा आकडा कागदावर लिहिताना तो सलाईनच्या आधीचा की नंतरचा, एवढे दोन शब्द लिहिले गेले असते तरी पुढच्या डॉक्टरांची दिशाभूल झाली नसती.

दुसरी गोष्ट एक्स-रेची. सावली दिसली होती, पण ती छातीच्या आजाराच्या खणात गेली आणि झटका मेंदूच्या खणात. पाणी असल्याचा संशय होता तर छातीची सोनोग्राफी त्याच आठवड्यात व्हायला हवी होती. तिच्यात पाण्याऐवजी घट्ट गाठ दिसली असती आणि यकृताच्या कर्करोगाची भीती कुटुंबाच्या वाट्याला आली नसती. त्या भीतीने रुग्णाचा मुलगा उपचार थांबवून त्यांना घरी नेण्याच्या विचारात होता, हे आम्हाला नंतर कळले.

आमच्या टप्प्यावरील एक निर्णय आजही चर्चेचा राहिला आहे. आयजीएफचे अहवाल येण्याआधीच आम्ही स्टेरॉइड सुरू केले. काही सहकाऱ्यांच्या मते निदान पक्के होईपर्यंत थांबायला हवे होते. माझे मत वेगळे आहे. दाबलेले इन्शुलिन, दाबलेले कीटोन, ग्लुकागॉनला मिळालेला प्रतिसाद आणि छातीतील गाठ हे चार पुरावे हाती असताना, दुर्मीळ चाचणीच्या कागदासाठी रुग्णाला रोज तीन लिटर सलाईनवर ठेवणे तिच्या सोडियमला आणि हृदयाला परवडणारे नव्हते. मात्र स्टेरॉइडच्या आधीच आयजीएफचा नमुना काढून ठेवणे अत्यावश्यक असते, कारण स्टेरॉइडनंतर ती पातळी बदलते. आमचा नमुना पहिल्या पहाटेच्याच रक्तातून बाजूला ठेवलेला होता.

मानेतील शिरेची नळी पहिल्याच दिवशी टाकली असती तर सोडियम उतरले नसते, हेही येथे नोंदवतो. ताशी १० ग्रॅमच्या वर ग्लुकोज लागते आहे असे दिसताच ते पातळ द्रावणातून न देता घट्ट द्रावणातून द्यावे, असा नियम आमच्या विभागात या प्रकरणानंतर लेखी स्वरूपात लावण्यात आला आहे. त्याच कागदावर कॉर्नफ्लोअर थंड ताकात कालवण्याची कृतीही मराठीत छापून नातेवाइकांच्या हाती दिली जाते.